धुराच्या दिवसांत शिकवलेला धडा

सप्तपर्णीच्या वासाने डोकं उठायचे दिवस संपले आणि धुराचे सुरू झाले. दिल्लीत ऋतू नाकाला आधी कळतो. ऑक्टोबरभर संध्याकाळी खिडकी उघडली की त्या हिरवट-पांढऱ्या गुच्छांचा गोड, जड दर्प घरात शिरतो आणि मी नाक मुरडून खिडकी लावून घेते. मग दिवाळी होते, वारा पडतो, आणि एके सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर समोरच्या ब्लॉकची गच्चीच दिसत नाही. घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर. मग मला वाटतं, बिचाऱ्या सप्तपर्णीला उगाच नावं ठेवली.

या रविवारी मुलं मास्क लावूनच आली. आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या घरी, बैठकीच्या खोलीत, दर रविवारी सकाळी मी मराठी वाचनाचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे काय, एक सतरंजी, एक फळा आणि केंद्र सरकारच्या नोकरीपायी इथे येऊन पडलेल्या मराठी आईबापांची सात-आठ पोरं. आठवडाभर मी शाळेत इंग्रजीतून शिकवते आणि रविवारी घरी मराठीतून. आमचे हे म्हणतात, तुला सुट्टी पचत नाही. असेल. तर या रविवारी पुढचा धडा होता वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक ओळखण्याचा. मी पान उलटलं आणि म्हटलं, आज म्हणी करू.

"काकू, एक पान स्किप झालं," पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला.

"होऊ दे," मी म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी तो धडा फार मन लावून शिकवला होता. फळ्यावर 'वस्तुस्थिती' लिहिलं तेव्हाच मुलांचे चेहरे पडले होते. दिल्लीत वाढलेल्या पोरांच्या तोंडात एवढा शब्द मावत नाही. 'मत' लिहिल्यावर तर हसूच फुटलं, कारण बाहेर दिवसभर त्यांच्या कानावर पडतं ते 'मत करो'मधलं. शेवटी मी हात टेकले. फॅक्ट आणि मत, असं ठरलं. नियमही सोपा दिला. जे तपासून बघता येतं ते फॅक्ट. जे कुणाला नुसतं तसं वाटतं ते मत. कुतुबमिनार दिल्लीत आहे, हे जाऊन बघता येतं. कुतुबमिनार सुंदर आहे, हे आपलं वाटणं. इथवर सगळे खूश होते.

मग मी त्यांनाच वाक्यं आणायला सांगितली आणि सरकारी कॉलनीने आपलं खरं रूप दाखवलं. यंदा महागाई भत्ता वाढणार, हे फॅक्ट आहे, असं एकाने ठणकावून सांगितलं. का? तर त्याच्या बाबांचे साहेब म्हणाले. साहेब कोण? डायरेक्टर. त्यावर दुसरीने ओठ काढला. तिच्या बाबांचे साहेब जॉइंट सेक्रेटरी होते आणि ते म्हणाले होते, एवढ्यात नाही वाढणार. वर्गाने चटकन निकाल दिला, जॉइंट सेक्रेटरीचं फॅक्ट, डायरेक्टरचं मत. मी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हटलं, कोण बोललं ते नाही बघायचं. हुद्दा बघून घर मिळतं, घर बघून खेळायला कोण कुणाकडे जातं ते ठरतं, मग वाक्याला तरी वेगळा न्याय कुठून सुचणार या पोरांना? मोठ्यांना तरी कुठे सुचतो?

रूथ तेवढी मान हलवत बसली होती. "काकू, दोघांचं पण मतच आहे ना? अजून वाढलाच नाहीये तर चेक कसं करणार?"

रूथ गायकवाड आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहायची. तेव्हा नऊ वर्षांची होती. डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, आणि खिशात दम्याचा पंप. तिचे वडील डॅनियलभाऊ एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आई शीतल मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स. मूळचे श्रीरामपूरकडचे. तिथे चर्चच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, त्यात रूथची आज्जी एकटीच राहते. हे सगळं मला नंतर नीट कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ही मुलगी बोलणाऱ्याकडे बघत नाही, वाक्याकडे बघते. शिक्षकाला असा विद्यार्थी वर्षानुवर्षं वाट बघून मिळतो. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

त्या नोव्हेंबरात रूथने जग निवडायला घेतलं, तांदूळ निवडावे तसं. एकदा तिला घेऊन मी मासळी आणायला आयएनए मार्केटात गेले. मासेवाला ओरडत होता, सबसे बढ़िया, एकदम ताज़ा. रूथ मला हळूच म्हणाली, "बढ़िया हे मत आहे. ताज़ा चेक होऊ शकतं." मी रत्नागिरीची. मी तिला कल्ला उचलून लाल आहे का ते बघायला शिकवलं. त्यानंतर ती प्रत्येक माशाचा कल्ला उचलायला लागली आणि मासेवाल्याने आम्हा दोघींना हात जोडले. घरी टीव्हीवर चर्चा चालू असली की ही सोफ्यावर बसून मॅचची कॉमेंट्री करावी तशी म्हणायची, मत, मत, फॅक्ट, मत, मत. डॅनियलभाऊ हसून हसून मला सांगायचे, "ताई, घरात बातम्या बघणं मुश्किल केलंय हिने यार. पण बोलते बिल्कुल बरोबर."

मला तेव्हा वाटायचं, एवढं एक या मुलांना आलं तर पुढे त्यांना कुणी फसवणार नाही. वर्तमानपत्र वाचतील, फोनवर आलेले निरोप वाचतील आणि म्हणतील, थांबा, हे कुणाचं तरी वाटणं आहे. आयुष्यात सगळ्यात अवघड गोष्ट हीच असावी, अशी माझी पक्की समजूत होती. तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईची समजूत तेवढीच असायची.

या दिवसांत इथे प्रत्येक घरात सकाळी आधी फोन उघडून हवेचा आकडा बघतात. आकडा लाल तर मुलं आत, केशरी तर मुलं खाली. रजया उन्हात टाकायच्या तर ऊनच येत नाही. दुपारी बारालासुद्धा सूर्य पिठाचा हात लागल्यासारखा. भाजलेली रताळी विकणाऱ्या शकरकंदीवाल्याची गाडी आवाजावरून ओळखायची. शाळा बंद, मग ऑनलाइन, मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद. अशाच एका रविवारी वर्गात प्रश्न निघाला की 'हवा खराब आहे' हे काय? अर्धा वर्ग म्हणाला मत, कारण चांगलं-वाईट म्हटलं की मत, हे मीच शिकवलं होतं. अर्धा म्हणाला फॅक्ट, कारण फोनवर नंबर येतो. नंबर आला की फॅक्ट, ही साहेबांच्या खालोखाल त्यांची दुसरी श्रद्धा. मी समजावलं, आकडा फॅक्ट, खराब हे मत. पण काही मतं फॅक्टच्या खांद्यावर उभी असतात, ती उडवून लावायची नसतात.

रूथने छातीवर हात ठेवून विचारलं, "आणि मला इथे कसंतरी होतंय, हे काय?"

कुणी तपासणार? आणि नुसतं वाटणं तरी कसं म्हणायचं? मी म्हटलं, "ते तुझं तुलाच कळणार. पण ते खरं आहे."

"खरं म्हणजे फॅक्ट?" बाकीच्यांनी लगेच धरलं. तोवर रूथला खोकल्याची उबळ आली होती. तिने खिशातून पंप काढला, भिंतीकडे तोंड करून दोनदा ओढला आणि परत जागेवर येऊन बसली. मी पाणी आणायला आत गेले.

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आली तेव्हा अंगाने पुरी उतरली होती. दोन-चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, डॅनियलभाऊ एकटेच आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

"ताई, डॉक्टर म्हणाले, दर थंडीत हे असंच होणार. वाढतं वय आहे. चांगल्या हवेत कुणी आपलं असेल तर काही वर्षं तिकडे ठेवा."

"मग बदली?"

"मागितली. झाली नाही. पुढेही होईल असं दिसत नाही. शीतलची नोकरी इथली, तिला तर बदलीच नाही. आई आहे तिकडे. शाळा समोरच." ते कपाकडे बघत बोलत होते. "मी ऑफिसात नोट लिहितो ना, तसं तिला एकेक फॅक्ट सांगितलं. ऐकतच नाही. मी पुढे काही बोललो की म्हणते, पप्पा, हे तुमचं मत आहे."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"तुमचं ऐकेल ती. तुम्ही जरा समजवा ना," ते म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर रूथ मागे रेंगाळली. सतरंजीची दोन टोकं तिने धरली, दोन मी.

"काकू, तुम्ही पप्पांना सांगा ना."

"काय सांगू?"

"पप्पा म्हणतात, तिकडे तुझं मन लागेल. ते मत आहे. मम्मी म्हणते, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. थोडे म्हणजे किती, ते नाही सांगत. मग ते पण मतच. आज्जी फोनवर म्हणते, इथं राणीसारखी राहशील. ते तर बिल्कुलच मत."

"आणि डॉक्टर म्हणतात ते?"

"कोण बोललं ते नाही बघायचं, असं तुम्हीच म्हणालात." सतरंजी आता चौघडी झाली होती. ती तिने पोटाशी धरली. "फॅक्ट हे आहे की मी इथे राहते. मम्मी-पप्पांबरोबर. कुणी पण चेक करू शकतं."

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "अगं पण तुझा श्वास? त्याचं काय करायचं?"

"तो तर मी घेतेच ना," ती म्हणाली, आणि मला दाखवायला तिने छाती भरून श्वास घेतला. आत कुठेतरी बारीक शीळ वाजली. तिलाही ऐकू आली असणार, कारण तिने सतरंजी खुर्चीवर ठेवली आणि चपला घालायला लागली. वडिलांना मी शब्द दिला होता. पण हिला कुठल्या तोंडाने समजवायचं होतं? तिच्या एकाही वाक्यावर मला लाल खूण करता येत नव्हती.

संध्याकाळी मी गायकवाडांकडे गेले. बापाने मुलीला समजवायला सांगितलेलं, मुलीने बापाला, आणि मी आपली अडकित्त्यात सापडल्यासारखी जिना चढत होते. शीतल दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीचे पांढरे कपडे इस्त्री करत होती. आतल्या खोलीत रूथ मशीनवर वाफ घेत होती, त्याची घरघर बाहेर येत होती. डॅनियलभाऊंनी मला खुर्ची दिली.

"तिला नाही जायचंय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"आणि ती म्हणते ते चुकीचं नाही."

"ते पण माहीत आहे, ताई."

शीतलने इस्त्री उभी केली. ती कमी बोलणारी बाई, माझ्याशी तर फारच जपून बोलायची. म्हणाली, "माझ्या वॉर्डात हिच्याएवढी मुलं येतात ना, त्यांच्या आया माझा हात धरून विचारतात, सिस्टर, क्या करें. मी सांगते त्यांना काहीतरी. आता मी तुम्हाला विचारते. तुम्ही इतकी वर्षं मुलांमध्ये आहात. सांगा, काय करू?"

मी खरोखर उत्तर शोधलं. ठेवून घ्या म्हणावं तर ती शीळ कानात होती. पाठवा म्हणावं तर पोटाशी सतरंजी धरलेली ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या घरात कुणी कुणाला फसवत नव्हतं. कुणी आकडे लपवत नव्हतं, कुणी आपलं वाटणं दुसऱ्याच्या गळ्यात मारत नव्हतं. माझा धडा तिघांनाही पाठ होता आणि त्याचा कवडीचा उपयोग होत नव्हता. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा हेही कळेना. या शहरावर काढावा तर इथेच माझी भाकरी आहे, आणि शेत जाळणारा, गाडी चालवणारा, फटाका उडवणारा, प्रत्येकाकडे आपापलं एक फॅक्ट तयार असतं. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, शीतल." तिने मान हलवली आणि परत इस्त्री फिरवायला घेतली.

घरघर थांबली. रूथ बाहेर आली, नाकाभोवती मास्कचा लाल वळ. तिने आम्हा तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि आईने सांगण्याआधीच ताटं घ्यायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी ती आली, पण तिने एकही वाक्य निवडलं नाही. मी मुद्दाम तिला सोपं वाक्य विचारलं. "पता नहीं, काकू," असं हिंदीतच म्हणाली आणि टोपी खाली ओढली. नाताळच्या आधी तिघं श्रीरामपूरला गेले आणि सण करून दोघं परत आले. बाल्कनीत त्यांनी दरवर्षीसारखी कागदी चांदणी लावली होती. ती फेब्रुवारीपर्यंत तशीच होती. धुरात तिचा लाल रंग विटकरी दिसायचा.

मुलांना वाचायला शिकवताना आपण गृहीत धरतो की नीट वाचलं म्हणजे रस्ता दिसेल. बरेचदा दिसतोही. मी अजून शाळेत तो धडा शिकवते, शिकवायलाच हवा, आणि दरवर्षी कुणीतरी नंबर आला की फॅक्ट म्हणतंच. पण घरच्या या सतरंजीवर मला तो घेववत नाही. आमचे हे म्हणतात, एका मुलीपायी बाकीच्यांचं नुकसान. त्यांचं बरोबर असेल. पुढच्या रविवारी घेईनही कदाचित.

या रविवारी म्हणी चालू असतानाच दार वाजलं. डॅनियलभाऊ होते, हातात पेरूंची पिशवी. आईने श्रीरामपूरहून पाठवलेत म्हणाले, आणि सतरंजीच्या कडेला मुलांमध्येच मांडी घालून बसले. मुलं अर्थ चुकवत होती, ते ऐकत होते. केस बरेच पांढरे झालेत त्यांचे. मुलं गेल्यावर मी पेरू परातीत काढले, त्यांच्या वासाने खोली भरली.

"कशी आहे रूथ?"

"एकदम फर्स्ट क्लास. यंदा पंप लागलाच नाही, ताई. शाळेच्या शर्यतीत पळाली. दुसरी आली." त्यांनी फोनवर फोटो दाखवला. उन्हात डोळे बारीक केलेली, रापलेली, दोन वेण्यांची उंच मुलगी. टोपीशिवाय मी तिला ओळखलंच नसतं.

"किती छान," मी म्हटलं, आणि मला मनापासून बरं वाटलं. "म्हणजे तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत."

"हो," ते म्हणाले. "मराठी पण काय बोलते आता. माझ्यापेक्षा चांगली." फोन त्यांनी खिशात टाकला, परत काढला, परत टाकला. मी पेरू कापायला सुरी आणली.

"मे महिन्यात आली होती सुट्टीला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी, दुपारी, मी जेवत होतो. ती फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. दार नाही उघडलं. मला वाटलं, काही शोधतेय. तर वळून मला विचारते, पप्पा, थंड पाणी घेऊ का?"

मी पेरूची एक फोड कापून त्यांच्यापुढे ठेवली.

"मी म्हटलं, घे की. तिने ग्लास भरला, प्यायली, विसळून जागेवर ठेवला. आणि मला थँक्यू म्हणाली."